आधी ओळख, मग बेट: कापिटीवरचा एक दिवस

कापिटी बेटावर मनात आलं आणि गेलो, असं होत नाही. न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, वेलिंग्टनहून तासाभराच्या अंतरावर हे बेट आहे. किनाऱ्यापासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर आत, सुमारे दहा किलोमीटर लांब, दोनेक किलोमीटर रुंद, क्षेत्रफळ 1,965 हेक्टर. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पण पाय ठेवायचा तर परवाना लागतो, दिवसाला किती माणसं न्यायची ते ठरलेलं असतं, स्वतःची होडी घेऊन गेलं तर उतरू देत नाहीत. आणि एवढं सगळं जमवलं तरी शेवटचा शब्द वाऱ्याचा. आमची आधीची तारीख वाऱ्यानेच खाल्ली होती. आदल्या संध्याकाळी 'उद्या बोट नाही' असा निरोप आला आणि डब्यासाठी केलेली थालीपिठं आम्ही खोलीवर बसून संपवली.

आम्ही म्हणजे वेलिंग्टनला शिकायला आलेली परदेशी मुलं. भारतातले काही, त्यात मराठी चौघं: मी जुन्नरची, एक नागपूरची मैत्रीण, एक सांगलीचा आणि एक कुर्ल्याचा. बाकी व्हिएतनाम, चिली, जर्मनी असे कुठकुठले. सहल विद्यार्थी मंडळाने ठरवली होती आणि बेट दाखवणार होती तिथलीच माओरी माणसं. त्या घराण्याचं बेटाच्या उत्तर टोकाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं. मला स्वतःला पक्ष्यांचं फारसं वेड नाही. मी गेले ते बहुतेक फुकटातली बोट म्हणून, हे खरं सांगायला हरकत नाही.

मे महिन्याचा शेवट, म्हणजे तिकडे हिवाळ्याची सुरुवात. वेलिंग्टन स्टेशनवरून पॅरापॅराउमूची गाडी धरली. पोरिरुआची खाडी ओलांडली की प्लिमर्टन लागतं. ते गाव मी तोवर नुसतं स्टेशनच्या पाटीवर वाचलेलं होतं. तिथेच 1846 मध्ये ब्रिटिश गव्हर्नर ग्रेच्या सैनिकांनी पहाटे छापा घालून नगाती तोआ लोकांचा म्हातारा सरदार ते राउपाराहा याला धरून नेलं. खटला चालवलाच नाही, तसाच कैदेत ठेवला. 1849 मध्ये तो वारला. कापिटी हा त्याचा बालेकिल्ला. पुकेरुआ बे सोडल्यावर रूळ कड्याच्या कडेने जातात, डावीकडे खाली थेट समुद्र, आणि तिथे ते बेट पहिल्यांदा पूर्ण दिसतं. सगळ्यांनी फोन काढले, काचेवर आमचीच तोंडं आली.

खरी गंमत सुरू झाली ती पॅरापॅराउमूच्या किनाऱ्यावर. एका खोलीत आम्हाला नेलं, दार लावून घेतलं आणि सांगितलं, पिशव्या रिकाम्या करा. सगळ्या. विमानतळावर होते ती तपासणी परवडली म्हणायची, कारण तिथे निदान मोज्यात कोणी बोटं घालत नाही. इथे बाह्या-खिसे उलटे करायचे, वेलक्रोच्या पट्ट्या उघडून बघायच्या, बुटांचे तळवे ब्रशने घासायचे. उंदीर, मुंग्या, पाली, गवताचं बी, काहीही चुकून पलीकडे जाता कामा नये. खाणं उघड्या पुडीत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात हवं, कारण उघड्या पुडीत उंदराचं पिल्लू बसून जाऊ शकतं. ऐकायला हास्यास्पद वाटतं. पण चिलीच्या मुलीच्या लोकरी मोज्यातून कुसळं निघाली. आठवड्यापूर्वी कुठल्याशा टेकडीवर गेली होती, तिथली. ती एकेक चिमट्याने काढून, मोजून एका पाकिटात बंद केली. नागपूरकरणीच्या तिळाच्या लाडवांवर बरीच चर्चा झाली. तीळ भाजलेत, आता रुजायचे नाहीत, हे तिने पटवून दिल्यावर डबा परत मिळाला. तपासणाऱ्या बाईंनी एक लाडू चाखलाही.

एवढा काच कशासाठी, ते नंतर कळलं. बेट 1897 पासून राखीव आहे, पण राखीव म्हणून पाटी लावली की प्राणी वाचून परत जात नाहीत. कातडीसाठी ऑस्ट्रेलियातून आणलेले पॉसम इथे सोडले होते, ते झाडांचा पाला नि मोहोर ओरबाडत राहिले. 1980 ते 1986 या काळात सापळे लावून, कुत्रे घेऊन 22,000 हून जास्त पॉसम मारले, तेव्हा कुठे शेवटचा संपला. मग उंदीर. 1996 मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी गोळ्या टाकून तेही संपवले. त्यानंतर बेट निर्धास्त झालं असं वाटलं, तर 2010 मध्ये कोणाला तरी स्टोट दिसला. स्टोट म्हणजे मुंगसाहून लहान, पण किवीची पिल्लं सहज मारणारा प्राणी. तीन सापडले, आणि आता एकही उरला नाही याची खात्री व्हायला पुढची दोन-तीन वर्षं गेली. तीन प्राण्यांमागे एवढी वर्षं! मोज्यातली कुसळं मोजणारी माणसं वेडी नाहीत हे मला तिथे पटलं.

तपासणी झाल्यावर बाहेर वाळूत आमच्या वाटाड्या उभ्या होत्या. साठीच्या असतील, पावसाळी कोट, पायात गमबूट, गळ्यात हिरव्या दगडाचा तुकडा. सोबत त्यांचा भाचा. तिथे मोठ्या बाईमाणसाला 'फाएआ' म्हणायची पद्धत आहे. आम्ही आपसांत त्यांचं मावशी करून टाकलं. मावशींनी आधी कराकिया म्हटली, म्हणजे निघण्यापूर्वीची प्रार्थना. मग म्हणाल्या, "तुमच्या पिशव्या बघून झाल्या. आता तुम्ही कोण ते सांगा."

याची तालीम आम्हाला विद्यापीठात दिली होती. आधी आपला डोंगर सांगायचा, मग नदी, मग पूर्वजांची होडी, मग आपली माणसं, आणि स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. वर्गात हे पाठ करताना शाळेतल्या हजेरीइतकंच वाटलं होतं. वाऱ्यात उभं राहून, समोर बेट असताना म्हणायचं तर आवाज फुटेना. मी शिवनेरी सांगितला, कुकडी सांगितली. शिवनेरीवर किल्ला आहे म्हटल्यावर मावशींनी विचारलं, तिथे कोण राहायचं? तिथे जन्मलेल्या राजाबद्दल दोन वाक्यांत काय सांगणार, पण सांगितलं. हाम्बुर्गचा मुलगा म्हणाला, आमच्याकडे डोंगरच नाही. "मग नदीपासून सुरू कर," मावशी म्हणाल्या, "नसलेला डोंगर आणू नकोस." एकाने फुशारकीने वेलिंग्टनचाच डोंगर आपला म्हणून सांगितला. त्याला त्यांनी तिथेच थांबवलं. "त्याच्या खाली राहतोस असं म्हण. माझा म्हणू नकोस." आवाज चढला नाही, पण पोरगा लाल झाला.

कुर्ल्याच्या मुलाची पाळी आली तेव्हा आम्ही तिघं आधीच हसायला लागलो. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, मिठी नदी. मावशींनी साधेपणाने विचारलं, तिचं पाणी पिता का? आता हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आमच्या पोरिरुआच्या खाडीत माझ्या आजीच्या काळात शिंपले काढायचे. आता सांडपाणी येतं, गाळ येतो. खायची भीती वाटते. पण खाडी आमचीच." त्यावर कोणाला बोलायला काही सुचेना. सकाळी गाडीतून तीच खाडी बघून आम्ही 'काय मस्त' म्हणालो होतो.

मला तरी ती झाडाझडती आणि ही ओळख, दोन्ही एकच वाटली. तू कुठून आलास आणि येताना सोबत काय आणलंस, एवढंच विचारायचं. एकदा पिशवीला विचारलं, एकदा माणसाला.

बोटीत बसायचं वाळूवर. मोठा ट्रॅक्टर बोटीला धरून समुद्रात ढकलत नेतो, लाटा चाकांच्या वर आल्या की सोडून देतो. पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. सांगलीकराला तेवढ्यातही मळमळलं.

रांगातिरा नावाच्या जागी उतरवतात. गोट्यांचा किनारा आहे, वाळू नाही. थोडं वर गवताळ मैदान, आणि तिथे आमचं रीतसर स्वागत झालं. भाच्याने माओरीत भाषण केलं, मावशींनी त्यामागून गाणं म्हटलं. मग आमच्यातर्फे चिलीच्या मुलीने उत्तर दिलं आणि आम्ही घोकलेलं माओरी गाणं सगळ्यांनी मिळून म्हटलं. भाषणामागे गाणं नसेल तर भाषण उघडं पडतं म्हणे. ते झाल्यावर मावशी म्हणाल्या, आता तुमच्याकडचं होऊ द्या. सगळे एकमेकांकडे बघत असताना नागपूरकरणीने आजीची जात्यावरची ओवी सुरू केली. तिचा गळा काही फार मोठा नाही, पण सूर पक्का. मग नाकाला नाक, कपाळाला कपाळ लावून होंगी. आता आम्ही पाहुणे राहिलो नव्हतो, निदान त्या दिवसापुरते.

आणि मग जंगल. इथून पुढे मी पक्ष्यांचं वेड नसलेली बाई राहिले नाही, असं लिहायचा मोह होतो, पण खरं तर मला आधी झाडांनी धरलं. खालच्या उतारावर कोहेकोहेची दाट राई आहे. ही आपल्या कडुलिंबाच्या कुळातली. पण मोहोर फांद्यांच्या टोकाला येत नाही, फणसासारखा थेट खोडाला फुटतो. पांढरट तुरे खोडावरून नुकतेच लोंबायला लागले होते. मावशींनी खोडावर हात ठेवून सांगितलं, पॉसम होते तेव्हा हा मोहोर दिसायचाच नाही, रात्रीत खाऊन टाकायचे. त्यांच्या लहानपणी रानात वरती बघितलं की आकाश दिसायचं. आता दिसत नव्हतं.

पुढे कावाकावा. हृदयाच्या आकाराचं पान, आणि जवळजवळ प्रत्येकाला चाळणीसारखी भोकं. भोकं एका सुरवंटाची. औषधाला हीच भोकं पडलेली पानं घ्यायची, कारण सुरवंटाला कळतं कुठलं पान चांगलं. मी वाकून वास घेतला आणि तोंडात एकदम विडा आला. नंतर शोधलं तर कावाकावा, मिरवेल आणि आपली नागवेल एकाच वंशातल्या निघाल्या. राखीव रानात पान तोडायचं नाही, म्हणून मावशींनी घरून थर्मासात कावाकावाचा चहा आणला होता. तिखट, थोडा कडवट, जिभेचं टोक किंचित बधिर करणारा. दातदुखीवर त्यांच्याकडे हेच. कुर्ल्याच्या मुलाने साखर मागितली. मिळाली नाही.

टोउटोउवाई हा राखाडी रंगाचा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी. भाच्याने सांगितलं, बुटाने पालापाचोळा जरा हलवा आणि नुसते उभे राहा. मी हलवला. तो फांदीवरून उतरला, दोन उड्यांत माझ्या बुटाशी आला, मान तिरकी करून उकरलेली माती बघितली आणि एक अळी उचलली. मग बुटाच्या नाडीचं टोक चोचीत धरून ओढून पाहिलं. इतका जवळ की पायाच्या काडीवरचे खवले दिसत होते. न्यूझीलंडमध्ये जमिनीवरचे मूळचे सस्तन प्राणी म्हणजे नुसती वटवाघळं. त्यामुळे जमिनीवरून येणाऱ्याला भ्यावं हे या पक्ष्यांच्या अंगात मुरलेलंच नाही. याच भोळेपणापायी मुख्य भूमीवर ते उंदीर-मांजरांच्या तोंडी गेले.

टिएके दिसला तेव्हा मावशींनी गोष्ट सांगितली. काळा पक्षी, पाठीवर तांबूस पट्टा, खोगीर घातल्यासारखा. माओरी पुराणकथांतला वीर माउई. त्याने सूर्याला दोरांनी बांधून त्याचा वेग कमी केला, त्या कामाने तो भाजून निघाला, तहानेने कासावीस झाला. टिएकेला म्हणाला पाणी आण. त्याने ऐकलं नाही. चिडून माउईने त्याला तापलेल्या हाताने धरून फेकला, तो पट्टा अजून पाठीवर आहे. हिहीनेही नकार दिला, त्याला आगीत टाकला, म्हणून त्याच्या खांद्यांवर पिवळं. शेवटी कोकाकोने गळ्याशी लोंबणाऱ्या निळ्या कातडीच्या पिशवीत पाणी भरून आणलं. माउईने खूश होऊन त्याचे पाय ओढून लांब केले, म्हणून तो झाडांतून इतक्या चपळाईने उड्या मारतो. गोष्टीतले दोन पक्षी आम्ही त्या वाटेवर पाहिले. कोकाकोचा नुसता आवाज आला. मावशी चालायच्या थांबल्या, बोट वर केलं, आणि तो बासरीसारखा लांबट सूर संपेपर्यंत कोणाला हलू दिलं नाही.

हिहीला पाहायचं तर वरच्या वाटेवर साखरपाण्याची पिंजऱ्यासारखी पेटी ठेवलेली आहे तिथे. तारांमधली जागा अशी की लहान पक्षी आत शिरेल, थोराड टुई नाही. पाणी बदलायला, पेट्या धुवायला माणसं सतत लागतात. त्यामुळे बेटाला 'अस्पर्श निसर्ग' म्हणणाऱ्या जाहिराती मला जरा खोट्या वाटतात. इतका हात लागलेलं रान मी दुसरं पाहिलेलं नाही. फरक इतकाच की हात राखण्यासाठी लागलाय.

किवी दिसला नाही, दिवसा दिसतही नाही. पण त्यांची गोष्ट ऐकून ठेवा. ठिपक्यांच्या छोट्या किवीचे पाच पक्षी 1912 च्या सुमारास इथे आणून सोडले. मुख्य भूमीवर ते दिसेनासे झाले, इथे हजारावर गेले. पुढे इतर बेटांवर आणि कुंपणाच्या अभयारण्यांत जे नेले ते जवळजवळ सगळे याच मोजक्यांचे वंशज.

जेवण मैदानावर. इथे दोन चोर आहेत. वेका हा कोंबडीएवढा, न उडणारा, गवतातून डोकं खाली घालून येतो आणि हाताला लागेल ते घेऊन पळतो. दुसरा काका. हो, नाव काका, तपकिरी रंगाचा मोठा पोपट. त्याला पिशवीची चेन उघडता येते. एक काका सांगलीकराच्या पाठीवरच्या पिशवीवर बसला, चोचीने चेनचं टोक धरलं आणि सावकाश, न घाबरता ओढत नेलं. कुर्ल्याच्या मुलाने बेंबीच्या देठापासून "काका, मला वाचवा" अशी आरोळी ठोकली. आम्ही चौघं लोळलो. बाकीच्यांना नारायणराव पेशव्यांचा खून समजावून सांगेपर्यंत काकाने बिस्किटांचा डबा खाली पाडला होता. पक्ष्यांना काहीही खायला घालायचं नाही, हा नियम माणसांना पाळता येतो, पक्षी मात्र जुमानत नाहीत.

जेवणानंतर निम्मे जण 521 मीटरच्या तुतेरेमोआना शिखराकडे गेले. चढताना ट्रिग ट्रॅक, तो उभा आणि छातीवर येणारा; उतरताना विल्किन्सन ट्रॅक, वळणावळणाचा. वरून पश्चिमेला एकदम कडा तुटतो. दक्षिण बेटाची किनार दिसली म्हणाले. मी गेले नाही, मला मावशींकडून बाकीचं ऐकायचं होतं.

त्यांनी 1824 ची लढाई सांगितली. उत्तर टोकाला वाइओरुआपाशी आसपासच्या कितीतरी जमाती होड्या भरभरून चालून आल्या होत्या आणि ते राउपाराहाच्या माणसांनी त्यांना परतवून लावलं. मग देवमासे मारणाऱ्यांचा काळ, चरबी उकळायच्या कढया, किनाऱ्यावर हाडांचे ढीग. मग 1897 चा कायदा आणि त्यामागून सरकारजमा होत गेलेली जमीन. उत्तरेकडचा थोडा तुकडा तेवढा घराण्यांकडे राहिला. कोणीतरी हाकाचं विचारलं, म्हणजे न्यूझीलंडचा रग्बी संघ सामन्याआधी मैदानावर म्हणतो त्या माओरी गाण्या-नाचाचं. ते राउपाराहा शत्रूंपासून रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला होता, तिथून जिवंत वर आल्यावर त्याने जे म्हटलं तोच हा 'का माते' हाका. 2014 मध्ये संसदेने खास कायदा करून त्याचा कर्ता म्हणून ते राउपाराहाचं नाव मान्य केलं. "ज्याला तुरुंगात ठेवला, त्याचंच गाणं देश मैदानावर म्हणतो," मावशी म्हणाल्या आणि चहाचा पेला झटकला.

तेवढ्यात सांगलीकराने मनातलं विचारलंच. तो घरचा जैन. हजारो प्राणी मारून पक्षी वाचवायचे हे त्याच्या गळी उतरत नव्हतं. वातावरण जरा अवघडलं. मावशींनी टाळाटाळ केली नाही. म्हणाल्या, पॉसमसाठी मला वाईट वाटत नाही, तो आणला माणसाने आणि खाल्लं त्याने आमचं रान. पण किओरे नावाचा छोटा उंदीर आमच्याच पूर्वजांच्या होड्यांतून आला, तो आमचं अन्न होता. काही जमाती त्याला आजही वारसा मानतात. 1996 ला इथून तोही गेला. "त्याबद्दल मला नीट उत्तर देता येत नाही." मला ते बोलणं आवडलं. सांगलीकराचं समाधान झालं नाही. परतीच्या गाडीत त्याने हाम्बुर्गच्या मुलाशी वेलिंग्टन येईपर्यंत वाद घातला.

कोणाला जायचं असेल तर थोडं कामाचं. परवाना आणि बोट एकत्रच ठरवतात, पण वाऱ्यासाठी हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा. बूट आदल्या रात्री घासून, मोजे नवे किंवा धुतलेले घ्या, लोकरी नकोत. डबे घट्ट झाकणाचे. बेटावर कचऱ्याचा डबा नाही, आणलेलं सगळं परत न्यायचं. शक्य असेल तर नुसती बोट न घेता स्थानिक माओरी वाटाड्यांसोबत जा, आणि आपला डोंगर नि नदी आठवून ठेवा. पिशवीला चेनऐवजी बक्कल असेल तर उत्तम, काकाला ते अजून जमत नाही असं भाचा म्हणाला.